नवसाचं चालणं

लग्न होऊन देवळाली प्रवऱ्याला आले तेव्हा मी स्वतःला फार शहाणी समजत असे. कालव्याच्या रस्त्यानं एक म्हातारे मास्तर रोज संध्याकाळी हात हलवत भराभर जायचे आणि तसेच परत यायचे. हातात पिशवी नाही, खांद्यावर फावडं नाही. नव्या सुनेचा पदर कपाळापर्यंत असला तरी पदराआड जीभ असतेच. एकदा विचारलंच मी, "मास्तर, काय हरवलंय? रोज शोधता, सापडत कसं नाही?" बांधावरच्या बाया फिदीफिदी हसल्या. मास्तर न थांबता म्हणाले, "रक्तदाब आहे, सूनबाई." ते पुढे गेल्यावर मी बायांना सांगितलं, "दाब असला तर माणसानं बसावं. हे पळतंय कशाला?"

त्या पोरीची आज कुठं गाठ पडली तर गालगुच्चा घेईन. जरा जोरातच.

कारण मागच्या उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया घालताना मलाच घेरी आली आणि नगरहून मुलगा गाडी घेऊन आला. दाब चांगलाच चढलेला. गोळ्या सुरू झाल्या आणि मुलानं हुकूम सोडला, "आई, आता सावेडीलाच राहायचं. गावाला एकटीनं राहणं बंद."

मुलाचा नगरच्या सावेडीतला फ्लॅट छान आहे. लिफ्ट आहे, सून गुणाची आहे. पण माझं घर देवळालीत. तिथं माझा मोगरा आहे, ऊस आहे आणि शेजारच्या घरात धाकटी जाऊ आहे, जिच्याशी भांडल्याशिवाय मला चहा गोड लागत नाही. सावेडीत भांडायला कोण? सगळे "बरं आई" म्हणतात. त्यामुळे मला एकच ध्यास लागला, घरी परत जायचा.

पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाईंनी दंडाला आणि घोट्याला पट्टे बांधले आणि मला उताणी झोपवलं. मी गप्प झोपणारी बाई नव्हे.

"हे काय मोजता?"

"हृदयाचा ठोका पडला की रक्ताची लाट निघते, आजी. ती किती वेगानं पायापर्यंत पोचते ते."

"लवकर पोचली तर चांगलंच की."

"उलटं आहे. रक्त नेणारी रोहिणी लवचीक असली तर ती फुगते, लाटेचा धक्का पिऊन टाकते. कडक झाली की लाट सुसाट जाते आणि हृदयाला जास्त जोर लावावा लागतो. तुमची लाट सुसाट आहे."

मला आमच्या ठिबकच्या नळ्या आठवल्या. नवी नळी हातात कशी वळवळते! चार उन्हाळे काढले की वाळल्या शेंगेसारखी कडक, वाकवली की तडकते. मी तसं सांगितल्यावर बाई हसल्या. "जवळपास तसंच. फरक एवढाच की तुमची नळी जिवंत आहे. भरभर चाललात की रक्त जोरात वाहतं, मग आतलं अस्तर तिला सैल व्हायला सांगतं. रोज सांगितलं की काही माणसांत ती थोडी ऐकते."

"म्हणजे मऊ होते? परत?"

"थोडी. गोळ्या सोडायच्या नाहीत बरं का. आणि चालणं सोडलं की ती पुन्हा आपल्या वळणावर."

मी उठूनच बसले. पट्टे ताणले, बाई ओरडल्या. पण सत्तरी ओलांडल्यावर आपल्या अंगातलं काहीतरी अजून ऐकायला तयार आहे, हे कळल्यावर कोण झोपून राहील?

मी म्हटलं, "पण आयुष्यभर उसात राबले मी. तो व्यायाम नाही झाला?"

"झाला की. पण आता कोण राबतंय?"

आता उसात मजूर राबतात आणि मी पायरीवर बसून त्यांना सूचना करते.

किती वेगानं चालायचं, याची त्यांनी सोपी खूण दिली. बोलता यावं, पण गाता येऊ नये. सावेडीच्या मैदानावर मी जात्यावरची ओवी म्हणून पाहिली. सबंध ओवी निघाली, म्हणजे मी रेंगाळत होते. वेग वाढवला तर ओवी मध्येच तुटली. मला इतका आनंद झाला की बाकावरच्या आजोबांनी मान वळवून पाहिलं.

महिन्याभरानं दाब उतरणीला लागला. मी लगेच बॅग भरली. मुलगा म्हणाला, "गावात तुझं चालणं टिकणार नाही, आई." डॉक्टरीणबाईंनी तोडगा काढला. पुढच्या तपासणीपर्यंत गावाला राहू द्या. तोपर्यंत दाब जागेवर राहिला आणि चालणं टिकलं तर घर आजींचं, नाहीतर सावेडी.

पहिल्याच संध्याकाळी बूट घालून मी कालव्याच्या रस्त्याला लागले. शंभरेक पावलांत पुतण्याची मोटारसायकल आडवी आली.

"काकू, कुनाचं काय झालं?"

"काही नाही रे. चालते."

"चालत कशाला? बसा ना. कुठं सोडू?"

"कुठंच नाही."

त्याला ते पटेना. आमच्याकडे बाईमाणूस घाईनं पायी निघालं म्हणजे एक तर कुणी गेलेलं असतं, नाहीतर घरात भांडण झालेलं असतं. आणि म्हातारीला गाडीवर न घेता पुढे जाणं म्हणजे पुतण्याची बेअब्रू. शेवटी बसले. दुसऱ्या दिवशी दूधवाल्यानं नेलं, तिसऱ्या दिवशी उसाचा ट्रॅक्टर थांबला. "आजी, बिबट्या लागला का मागं?" घरी येते तर दारात जाऊ आणि चार बाया. "बाई, तुमी धावत गेल्याचं कळलं. नगरला सगळं बरं हाय ना?"

आठवडा असा लोकांच्या गाड्यांवर गेला. आरोग्य केंद्राच्या आशाताईनं दाब मोजला, काटा वर. रात्री मुलाचा फोन. "चालतेस ना?" मी म्हटलं, "फिरते रोज." ते खरंच होतं. चाकांवर.

सकाळी मोगऱ्याला पाणी घालताना सुचलं. चालणारी बाई कोण थांबवत नाही? नवसाची! संध्याकाळी पुतण्या आला तसा मी हात वर केला. "गाडीवर बसायचं नाही रे. नवस बोललेय. रोज देवीपर्यंत पायी, तेही झपाझप." त्यानं मोटारसायकल बंद केली, हात जोडले आणि वाट सोडली. दोन दिवसांत गावभर झालं. ट्रॅक्टर बाजूला व्हायला लागले.

जावेला मात्र चैन पडेना. "कशाचा नवस, बाई?"

"आपल्या घरात राहता यावं म्हणून."

दुसऱ्या दिवशी ती चपला घालून दारात उभी. "मलाबी गोळी चालू हाय बीपीची. तुमाला सांगितलं न्हवतं." तेव्हापासून आम्ही भांडत चालतो. बोलता येतं, गाता येत नाही. भांडणाला नेमका तोच वेग लागतो.

तपासणीला पट्टे बांधले. दाब जागेवर होता. लाट आधीपेक्षा जरा सावकाश निघाली. मी विचारलं, "ऐकलं म्हणायचं का तिनं?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "थोडं ऐकलेलं दिसतंय. पण गोळी किती, चालणं किती, कमी केलेलं मीठ किती, ते वेगळं करून सांगता येणार नाही." मला ते न सांगता येणंच आवडलं. विचारत राहायला काहीतरी उरलं.

मुलानं गाडी देवळालीकडे वळवली. त्याला नवसाचं गावात कळलं होतंच. "देवाच्या नावानं थाप मारलीस, आई?"

"थाप कसली? घरी राहायचा नवस होता, आणि घरी चाललेय ना?"

संध्याकाळी जाऊ दारात आली. म्हणाली, "पावली म्हना की देवी. मग आता नवस फिटला?"

"हा फिटायचा नाही," मी बुटाची नाडी ओढत म्हटलं. "थांबलं की नळी पुन्हा कडक."

"कसली नळी?"

"चल, वाटेत सांगते."

कालव्यावर उसाच्या कडेला एक नवी सून उभी होती. आम्हा दोघींना हात हलवत येताना पाहून तिनं पदर तोंडाला लावला. मी चालता चालताच म्हटलं, "हास बाई, हास. पण मोठ्यानं विचार. मला आता उत्तर येतं."