भाऊजींचं एक वाक्य

भाऊजी गेल्याचा फोन आला, तेव्हा मी गोंडपिपरीला एका लग्नाच्या मांडवात त्यांचाच किस्सा रंगवत होतो. लोक इतके हसत होते, की पहिल्यांदा मला नीट ऐकूच आलं नाही...

भाऊजी म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचे, जिला मी बाई म्हणतो तिचे, यजमान. चामोर्शीकडे जनावरांच्या दवाखान्यात त्यांची सगळी नोकरी झाली. निवृत्तीनंतरही कोणाचा बैल लंगडला की जेवणावरून उठायचे. किस्सा जिल्ह्याच्या एका सभेचा. जगातल्या देशांनी शाश्वत विकासाची सतरा ध्येयं ठरवलीत, त्यासाठी गावोगावच्या सूचना मागवल्या होत्या. त्या पार जगाच्या बैठकीपर्यंत जातील, असं साहेब सांगत होते. कोणी रस्ता मागितला, कोणी नळ. भाऊजी उठले. "आपण जनावराले पशुधन म्हणतो, सायेब. पण धनाले दुखते का? जनावराले दुखते. एवढं एक वाक्य लिवा."

साहेबांनी कागद चाळले. "हे कोणत्या ध्येयात बसतं?"

"बसत नाई ना सायेब, म्हणून तं मी उभा झालो!"

सभागृह खदखदून हसलं. शेजारी बसलेला मी सगळ्यांत मोठ्यानं. पुढे लग्नालग्नांत मी तो किस्सा खपवला. हळूहळू त्यात एक रेडा घुसला, मग भाऊजी हंबरायलाही लागले. ते समोर बसून ऐकायचे, हसायचे...

तेरवीला भाचा म्हणाला, "मामा, तो किस्सा होऊन जाऊ द्या." मी घसा साफ केला आणि रेड्यासकट सांगितला. हशा ओसरला, तशी बाई पदराला हात पुसत दारात आली.

"मंग लिवलं का त्यायनं?"

"काय?"

"वाक्य, बाबू! मी यायले कितीदा विचारलं. तं म्हणत, तुया भावाले विचार, तो चांगला सांगते."

मला ठाऊक नव्हतं. किस्सा गरम आहे तोवर कोणाला तरी सांगावा, म्हणून मी तेव्हा सभेतून सगळ्यांच्या आधी उठून चहाच्या टपरीवर धावलो होतो. हंबरणं मी घोटून घोटून बसवलं. शेवट काय झाला, हे भाऊजींना कधी विचारलं नाही.

"सांग ना, बाबू," बाई म्हणाली.

तोंड लपवायला गोठ्यात गेलो. भाऊजींचा म्हातारा बैल उठला, जवळ आला आणि मान खाली घालून जुवानं घट्टे पडलेला खांदा माझ्यापुढे केला. रोज संध्याकाळी ते तिथे तेल चोळायचे म्हणे. मी हात ठेवला. किती दाबायचं, कळेना.

"दुखते का?" मी हळूच विचारलं. आणि कोणी ऐकलं तर नाही ना, म्हणून मागे वळून पाहिलं.