गोविंदरावांचा गूळ

परीक्षानळीतले निळे पाणी हिरवे झाले, पिवळे झाले आणि पाहता पाहता विटेसारखे लाल झाले. मी स्पिरिटचा दिवा विझवला आणि समोर उभ्या असलेल्या गोविंदरावांना म्हणालो, "तुम्ही खोटे बोलता."

कर्जतच्या सरकारी दवाखान्यातला हा प्रसंग आहे. पुढे जे घडले त्याच्या तीन हकिकती आज प्रचलित आहेत. गोविंदरावांचे पुतणे, धाकट्या भावाचे मुलगे, सांगतात की काका एका वैद्याच्या भस्माने बरे झाले. कचेरीतले जुने लोक म्हणतात, डॉक्टरने त्यांना उपाशी ठेवले. आणि दहिवलीपासून खालापूरपर्यंत आजही कोणीही सांगेल की गोविंदरावसाहेबांचा रोग त्यांच्या घोड्याने घेतला. या तिन्ही हकिकती चूक आहेत. त्या नळीसमोर मी होतो. पुतणे तेव्हा पाळण्यात होते.

गोविंदराव आमच्या भागाचे सर्कल इन्स्पेक्टर. गावोगाव फिरून पीकपाणी आणि जमिनीच्या हद्दी तपासणे हे त्यांचे काम. वय चाळीशीच्या पुढचे, स्वभाव लोण्यासारखा आणि देह अवाढव्य. दवाखान्यात माणसे तोलण्याचा काटा नव्हता, म्हणून मी त्यांना स्टेशनवरच्या मालधक्क्यावर नेले. तांदळाच्या पोत्यांशेजारी त्यांना काट्यावर बसवले. वजन पावणेतीन मण भरले. चार पायऱ्या चढले की त्यांना धाप लागे. लघवीत साखर होती. ती ओळखण्याची रीत सोपी आहे. निळ्या औषधात लघवीचे थेंब टाकून उकळायचे. निळे राहिले तर ठीक, लाल झाले तर साखर भरपूर. आजची इन्शुलिनची सुई तेव्हा आमच्या दवाखान्यात आलेली नव्हती.

अलिबागच्या सिव्हिल सर्जनसाहेबांनी त्यांना पुढच्या वर्षी पुन्हा हजर राहायला सांगितले होते. प्रकृती तशीच राहिली तर 'अनफिट' असा शेरा पडणार आणि नोकरी जाणार. घरात विधवा बहीण आणि तिची तीन मुले त्यांच्याच जिवावर होती. शिवाय त्यांचे थोरले बंधू याच रोगाने याच वयात गेले होते. ही गोष्ट गोविंदरावांनी मला एकदाच सांगितली आणि पुन्हा कधी काढली नाही.

मी दोन गोष्टी सांगितल्या. भात आणि गोड सोडा. घोड्यावर बसणे सोडा, फिरती पायी करा.

त्यांनी दोन्ही मान्य केल्या. अंमलदार पायी हिंडतो म्हणून कचेरीत हसू झाले, ते त्यांनी सोसले. दीड महिन्याने मी पुन्हा नळी तापवली. ती पहिल्यापेक्षा लाल! वजनही तसूभर हलले नव्हते. 'तुम्ही खोटे बोलता' म्हणालो ते तेव्हाच.

"घरी नाचणीची भाकरी आणि ताक, डॉक्टर," गोविंदराव म्हणाले. "बहिणीला विचारा."

"आणि बाहेर?"

"बाहेर मी अन्नाला शिवत नाही. देवाशपथ."

बहिणीला विचारले. तिने तेच सांगितले. आता एक तर माझे निळे औषध खोटे किंवा माणूस खोटा. औषध मी स्वतः तयार केले होते. तेव्हा दुसऱ्या दिवशी दवाखाना कंपौंडरवर सोपवून मी गोविंदरावांबरोबर निघालो. रोग्याच्या मागे रानोमाळ हिंडणारा डॉक्टर त्या काळी तालुक्यात दुसरा नव्हता, हे इथे नमूद करतो.

दहिवलीत पहिल्याच ओसरीवरून हाक आली. भागीबाई नावाची कुणब्याची म्हातारी सूप ठेवून उठली.

"सायेब, बसा वाईच. उन्हातनं आलाव. ह्ये कोन, डाक्तर का? तुमी बी बसा."

तिने काशाचा तांब्या आणला, आणि पानावर आवळ्याएवढा गुळाचा खडा. गोविंदरावांनी खडा तोंडात टाकला, वर पाणी प्याले, दोन शब्द बोलले आणि निघाले. पुढच्या घरी तेच. त्यापुढच्या आळीत तेच. घोड्यावरून जाणाऱ्या अंमलदाराला लोक लांबूनच रामराम करीत. पण पायी आलेला माणूस, मग तो कोणी का असेना, दारचा पाहुणा. त्याला गूळपाणी दिल्याशिवाय जाऊ देणे म्हणजे घराला बट्टा. मी गोविंदरावांना घोड्यावरून काय उतरवले, शंभर ओसऱ्यांच्या तावडीत दिले!

गावाबाहेर आल्यावर मी थांबलो. "तुम्ही अन्नाला शिवत नाही ना?"

"नाही."

"मग हे काय चालले आहे?"

गोविंदरावांनी माझ्याकडे खऱ्या आश्चर्याने पाहिले. "हे? हे गूळपाणी आहे, डॉक्टर. गूळपाणी म्हणजे का खाणे?"

माणूस खोटे बोलत नव्हता. त्यांच्या लेखी तो मान होता, आहार नव्हता. मी तिथल्या तिथे बजावले, "उद्यापासून बंद. नाही म्हणायचे आणि पुढे चालायचे."

चारच दिवसांत ते दवाखान्यात आले. चेहरा उतरलेला होता.

"तुमची आज्ञा मोडली," ते म्हणाले.

घडले ते असे. त्यांनी भागीबाईला हात जोडून "नको" म्हटले. म्हातारी तांब्या हातात धरून तशीच उभी राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "कचेरीत कोन काय बोल्लं का, सायेब? आमच्या घरचं पानी आता तुमाला चालत नाय?"

त्या काळी वरिष्ठ जातीच्या अंमलदाराने कुळवाड्याच्या घरचे पाणी नाकारले की त्याचा अर्थ एकच होत असे. गोविंदराव सर्वांच्या घरी पाणी पीत. कचेरीतल्या काहींना ते खुपत असे आणि गावांना त्याचा अभिमान होता. गोविंदराव मुकाट्याने ओसरीवर बसले, गूळ खाल्ला आणि पाणी प्याले.

"मरण आले तरी चालेल," ते मला म्हणाले, "पण त्या बाईचे तोंड पुन्हा तसे पाहणार नाही."

मी चिडलो. "मरणाची भाषा मला सांगू नका, ती बहिणीला सांगा. पाणी सोडा असे मी म्हटलेच नाही. गूळ सोडा म्हटले."

"गुळावाचून नुसते पाणी तिथे कोणी देत नाही. नुसते पाणी दुष्मनाला देतात."

यावर जी तोड निघाली ती माझी आहे. गावकरी तिचे श्रेय मोतद्दाराला, म्हणजे घोडा सांभाळणाऱ्या धोंडूला देतात. धोंडू भला माणूस होता, पण त्या वेळी तो दवाखान्यात नव्हता. मी म्हणालो, "गूळ घ्या. कपाळाला लावा. उपरण्याच्या टोकात बांधा. पाणी सगळे प्या. आणि गूळ घरी मोतीला चारा."

मोती म्हणजे त्यांचे तट्टू. बसणारा नसल्यामुळे ते बिचारे ठाणावर उभे राहून माशा वारीत होते.

गोविंदरावांनी लपवाछपवी केली नाही. भागीबाईला सरळ सांगितले की मला साखरेचा रोग आहे. तुझा मान घेतो, गूळ घोड्याला देतो. म्हातारीने उलट विचारले,

"मंग घोड्याला घरी कशापाई ठेवलाव? त्याला बी आणा की दारात. पाव्हना तो बी."

तेव्हापासून पुढे गोविंदराव पायी आणि मागे मोकळ्या खोगिराचा मोती, अशी फिरती सुरू झाली. घोड्यासाठी म्हणून खडे मोठे झाले! नळी महिन्यामहिन्याने पिवळी, हिरवी होत गेली. गोविंदरावांचा कोट ढिला झाला. मोतीच्या पोटाखालचा तंग मात्र धोंडूला एकेक भोक सैल करून बांधावा लागू लागला.

"डाक्तर, सायेबांचं पोट घोड्याला लागलं वो," धोंडू म्हणाला. त्या दंतकथेचा उगम हा असा आहे. मी घोड्याचा गूळ निम्मा करवला. घोड्यालाही पथ्य सांगणारा डॉक्टर म्हणून माझी थट्टा झाली, ती मी मनावर घेतली नाही.

खरी परीक्षा पावसाळ्यात आली. ओढे भरले, बांध निसरडे झाले. गोविंदराव कचेरीत बसून राहिले. मी बोललो, भांडलो, भावाच्या मरणाची आठवणही दिली. "पाऊस ओसरू द्या," एवढेच उत्तर. मालधक्क्यावरचा काटा पुन्हा वर सरकू लागला. धाकाने माणूस चालू लागतो, पण धाकाने चालत राहत नाही, हे मी तेव्हा पाहिले.

एका दुपारी भागीबाईचा मुलगा भिजत कचेरीच्या दारात उभा राहिला. हातात पळसाच्या पानाचा पुडा होता.

"आय इचारते, सायेब आजारी हायत का? रोज वाट बघते. ह्यो घोड्याचा गूळ."

गोविंदरावांनी पुडा उपरण्यात बांधला. दुसऱ्या सकाळी त्यांनी डोक्यावर इरले घेतले. शेतकरी लावणीला पाठीवर घेतात ते पानांचे इरले! त्याखाली पगडी राहत नाही म्हणून ती पिशवीत ठेवली आणि चिखल तुडवीत दहिवलीला गेले. कचेरीतले खिडकीत येऊन हसले. ते हसणारे मी पाहिले आहेत, म्हणून त्यांच्या हकिकतीवर माझा विश्वास नाही.

त्यानंतर खंड पडला नाही. मुदत भरली तेव्हा मी स्वतः त्यांच्याबरोबर अलिबागला गेलो. सिव्हिल सर्जनसाहेबांनी नळी तापवली. ती उकळली तरी पाणी निळेच राहिले. साहेबांनी ती उजेडात धरून पाहिली, गोविंदरावांना खालून वर न्याहाळले आणि मला विचारले, "काय दिलेत?"

"काही नाही, साहेब. चालतात."

"सगळ्यांनाच आपण चालायला सांगतो. हे चालत कसे राहिले?"

"त्यांची वाट पाहणारे आहेत."

साहेबांनी यावर काही लिहिले नाही. 'फिट' एवढेच लिहिले. गोविंदरावांनी बाहेर व्हरांड्यात येऊन तो कागद दोनदा वाचला. मग घडी करून उपरण्याच्या टोकात बांधला.

ते पेन्शनीपर्यंत नोकरीत राहिले आणि पेन्शनीनंतरही दहिवलीला चालत जात राहिले. बहिणीची मुले मार्गी लागली. थोरल्या भावाचे वय त्यांनी कधीच मागे टाकले होते. भस्म त्यांनी घेतले नाही, उपाशी ते राहिले नाहीत. आणि मोतीबद्दल सांगायचे तर तो म्हातारा होऊन मेला. त्याने कोणाचा रोग घेतला नाही. गूळ घेतला.