मामीच्या राज्यात भाताला बंदी

पोलादपूरकडच्या आमच्या मामांच्या घरी कणग्या भाताने गच्च भरलेल्या असत आणि ताटात मात्र एक शीत सापडत नसे. पाहुणा जेवायला बसला की बिचारा आधी ताटाकडे बघायचा, मग कणगीकडे आणि शेवटी मामीकडे. मामी म्हणायची, "तो बघायला हाय. खायला हे हाय." 'हे' म्हणजे किसून वाफवलेली कच्ची पपई. पाहुणा पुन्हा यायला वर्षभर तरी लावायचा.

मामी आंबेनळी घाटाखालच्या वाडीतली. अंगाने काटकुळी आणि तोंडाने फाटकी. मामा सावित्रीकाठचे जमीनदार, दिलदार माणूस, पण ही बंदी येण्याआधी भाताचे असे भक्त की ताटातल्या ढिगाआडून समोरचा माणूस दिसला तर आपल्याला कमी वाढलंय असं त्यांना वाटे. भातावर आमटी, आमटीवर भात, आणि शेवटी ताकभात झाल्यावर गुळाचा खडा. त्याशिवाय ते पाटावरून उठत नसत.

महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह होऊन एक-दोन वर्षं झाली असतील. परसात मामा जिथे लघवीला उभे राहत, तिथे मामीला मुंग्यांची रांग दिसली. तिने कपाळावर हात मारला. "इतकी वर्षं संसार केला, ह्यांच्या बोलण्यात गोडवा कधी दिसला नाय. कुठं जात होता ते आज कळलं!"

महाडच्या डॉक्टरांनी मधुमेहाचं निदान केलं. भात बंद, भाकरी बंद, साखर-गूळ तर बघायचाही नाही. मामांनी ते मान खाली घालून ऐकलं आणि घरी येऊन रोजची एकादशी धरली! साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, उकडलेली रताळी. "डॉक्टरांनी अन्न सोडायला सांगितलंय," मामा म्हणाले, "फराळाचं काय बोलले नायत." आम्हा सगळ्यांना ते पटलं. उपासाला चालतं ते पोटाला कसं बाधेल? गावात मामांच्या भक्तीचा बोलबाला झाला. मामीही भक्तिभावाने खिचडी परतत राहिली.

मग मामांच्या अंगठ्यात बोरीचा काटा रुतला. जखम चिघळली, काही केल्या भरेना. बैलगाडीत घालून पुन्हा महाडला नेलं. खाता काय, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मामांनी छाती पुढे काढून सगळा फराळ सांगितला. डॉक्टरांनी चष्माच काढून ठेवला. "अहो, ही सगळी भाताचीच भावंडं! देवाला चालतात, तुमच्या साखरेला नाही. असंच चाललं तर पाय कापावा लागेल."

परतीच्या वाटेवर मामी अख्खा रस्ता स्वतःलाच शिव्या घालत होती. "माझ्या माहेरी वरी खाऊन माणसं नांगर धरतात. ते अन्न नाय म्हणून ह्यांनी सांगितलं, आणि मी शहाणी ऐकून बसले!" त्या दिवसापासून घरात भात शिजला नाही. आपला वेगळा शिजवून घे, असं मामांनी सांगून पाहिलं. ती म्हणाली, "मी खाणार आणि तुम्ही वास घेणार? माणूस हाय मी, राक्षस नाय." झालं. तिचाही भात सुटला.

मग तिने जे काही रांधलं ते आम्ही भाचरं जन्मात विसरलो नाही. भाकरीच्या जागी अंड्याची पोळी, तिच्यात गुंडाळलेलं सुकट. टाकळ्याची भाजी भरपूर खोबरं घालून. भाताच्या जागी कधी पपई, कधी दुधी. मामा म्हणत, "ह्याला भात म्हणत असशील तर मला गव्हर्नर म्हण." मामी म्हणे, "गव्हर्नरसाहेब, गप गिळा." गणपतीत तर तिने कमाल केली. हळदीच्या पानात ओलं खोबरं, खसखस आणि वेलची घालून उकडलं. ना गूळ, ना तांदळाची पारी. मामांनी पान उलगडून पाहिलं. "अगो, हा मोदकाचा नुसता आत्मा! देह कुठाय?"

"आत्मा अमर असतो. तोच खा."

तिचा एकच मंत्र होता, "मी बघतेय हां." लग्नाच्या पंगतीत मामांच्या मागे उभी राहून ती वाढप्याला दम भरायची, "ह्या पानात शीत पडलं तर तुझी धडगत नाय." मामा लाजेने लाल व्हायचे, चार लोकांत तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस म्हणून चिडायचे. पण अंगठा भरला. पाय शाबूत राहिला. मामा नंतर बरीच वर्षं स्वतःच्या पायांनी शेताच्या बांधावर फिरले आणि फिरताना मामीच्या नावाने खडे फोडत राहिले. थंडीतापाने गेले तेही धडधाकट दोन पायांनिशी.

दहाव्याला सावित्रीच्या काठी भाताचा पिंड मांडला. कावळे समोरच्या झाडावर बसून होते, पण एक खाली उतरेना. थोरल्या मुलाने जमीन एकत्र ठेवण्याचा शब्द दिला, धाकट्याने बहिणीच्या लग्नाचा. कावळे ढिम्म! ऊन तापलं. भटजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला, तशी बायकांतून मामी उठली.

"सरा रे," म्हणत ती पिंडापुढे जाऊन उभी राहिली. एवढा मऊ आवाज तिच्या तोंडून आम्ही कधी ऐकला नव्हता. "अहो, खा आता पोटभर. आता काय होत नाय. मी बघत नाय."

तिने डोळ्यांवर पदर ओढला आणि पाठ फिरवली. फडफड झाली.

"शिवला?" तिने पाठमोरीच मला विचारलं.

"शिवला, मामी."

"किती खाल्ला?"

"सगळा."

"बघितलंस गो? पाठ वळायचा अवकाश, ह्यांना धीर म्हणून नाय!"

असं म्हणून मामी हसायला लागली आणि हसता हसता वाळूतच बसली. मामा गेल्यापासून तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. ती तिथे पहिल्यांदा रडली.