जाऊबाईंचा मुका प्रोग्रॅम

माझ्या थोरल्या जाऊबाई भित्र्या. हे मी त्यांच्या तोंडावरही सांगते, म्हणून इथे लिहायला हरकत नाही. कुलूप लावून ओढून बघणार, जिना उतरून पुन्हा वर जाऊन ओढून बघणार, आणि रस्त्यावर आल्यावर मला विचारणार, "लावलं ना गं मी?" असल्या बाईच्या ताब्यात दवाखान्याने लसींचा साठा दिला, हा त्यातल्या त्यात शहाणपणाच म्हणायचा.

लस ठेवायची ती थंड कपाटांत. आतला पारा आठ अंशांच्या वर राहिला की लस निकामी व्हायला लागते, आणि निकामी लस दिसते मात्र चांगल्या लसीसारखीच. म्हणून प्रत्येक कपाटाला भोंगा. बिघडलं की कोकलणार, ठीक असलं की गप्प. जाऊबाईंची सगळी नोकरी या गप्प कपाटांमध्ये गेली. खोलीत आवाज नसला की त्यांना बरं वाटायचं.

तिसऱ्या कपाटाचा भोंगा बिघडला आणि नवा काही येईना. सारखं दार उघडून बघावं तर गारवा जातो. आतल्या तापमापकाचे आकडे तेवढे कॉम्प्युटरमध्ये आपोआप साठायचे. ते आपले आपण तपासले जावेत म्हणून जाऊबाईंनी पन्नाशीत कॉम्प्युटरला कामं सांगायच्या पायथॉन भाषेच्या वर्गात नाव घातलं. घरात आम्ही पोट धरून हसलो. पण बाई शिकल्या.

वर्गात कॉम्प्युटरवर एक काळी खिडकी उघडायची. ओळ लिहून एंटर दाबलं की खाली लगेच उत्तर. जाऊबाईंनी दवाखान्यातल्या कॉम्प्युटरवर तीच खिडकी उघडून 'आठच्या वर गेलेली कपाटं कोणती' अशा अर्थाची ओळ लिहिली. उत्तर आलं रिकामे कंस, म्हणजे एकही नाही. खात्री करायला आठच्या जागी दोन घातले, तर सगळ्या कपाटांची नावं खाली हजर. मग त्याच ओळी जशाच्या तशा एका फाइलीत उतरवल्या आणि रोज कामावर गेल्या गेल्या ती फाइल चालवायला लागल्या. पडद्यावर काहीच यायचं नाही. काही नाही म्हणजे कोणी तापलेलं नाही. जन्मात पहिल्यांदा ही बाई एकदाच बघून निर्धास्त झाली.

त्याच सुमारास माझ्या लेकीला कुत्रा चावला. पोटरीत दात रुतले होते. लस जाऊबाईंच्याच दवाखान्यात सुरू झाली. दोन सुया झाल्या आणि तिसरीला मी तिला घेऊन गेले. सिस्टरने तिसऱ्या कपाटातून बाटली काढली, हातात धरली आणि तशीच थांबली.

"अहो, ही गार का नाही लागत?"

जाऊबाईंनी बाटली घेतली, गालाला लावली. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरलेला मी पाहिला. त्या कॉम्प्युटरकडे धावल्या, मी मागोमाग. फाइल चालवली. पडद्यावर काही नाही. पुन्हा चालवली. काही नाही. मग काळी खिडकी उघडून तीच ओळ हाताने लिहिली. घाईत दोनदा चुकल्या. एंटर दाबलं, आणि खाली तिसऱ्या कपाटाचं नाव आलं.

त्यांनी वर्गातल्या सरांना फोन लावला आणि मला ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला.

"त्या खिडकीत तुम्ही एकेक ओळ विचारता ना, म्हणून ती उत्तर आपणहून दाखवते," सर म्हणाले. "फाइल चालवली की तसं होत नाही. प्रोग्रॅम उत्तर काढतो आणि सोडून देतो. दाखव म्हणून सांगावं लागतं. प्रिंट लिहिलंय का तुम्ही?"

"नाही."

"मग तो गप्पच बसणार. सगळे नवशिके इथे अडकतात, घाबरू नका."

"म्हणजे त्याला रोज कळत होतं?"

"हो. उत्तर रोज निघत होतं."

जाऊबाईंनी फोन ठेवला. पहिली सुई, दुसरी सुई, यातली कोणती वाया गेली? जाऊबाईंनी फाइलीत प्रिंट लिहिलं, तारखाही दाखवायला सांगितल्या आणि चालवली. मुका प्रोग्रॅम बोलायला लागला. कपाट तापलं होतं दुसऱ्या सुईच्या आदल्या दिवशी.

जाऊबाई तडक डॉक्टरांकडे गेल्या आणि घडलं ते सगळं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, लस वाया गेलीच असेल असं नाही, पण भरवसा धरता येणार नाही. दुसरी सुई आज नव्याने, आणि त्या दिवसांत आलेल्या प्रत्येकाला परत बोलवा.

लेकीने विचारलं, "परत का?" मी काहीतरी थाप मारणार होते. जाऊबाई तिच्यासमोर खाली बसल्या.

"माझं चुकलं, बाळा. कॉम्प्युटर काही बोलला नाही, तर मला वाटलं सगळं ठीक आहे."

"मग मोठी आई, तू त्याला परत का नाही विचारलंस?"

"तो गप्प होता, ते मला बरं वाटत होतं गं."

लेकीने दंड पुढे केला. सुई झाली, मग पुढच्याही झाल्या. फोन करून बोलावलेले सगळे येऊन गेले. डॉक्टर म्हणतात, आता काळजीचं कारण नाही. पण आमचं भय काही जात नाही. त्या रोगाने एकदा डोकं वर काढलं की औषध नाही, आणि तो झालेल्या माणसाला पाणी गिळवत नाही, एवढं आम्हा दोघींनाही माहीत आहे. त्यामुळे लेकीने पाणी मागितलं की आम्ही हातातलं काम टाकतो आणि तिच्या गळ्याकडे बघत राहतो. ती घटाघटा पिऊन पेला खाली ठेवते, बाहेर पळायला निघते, आणि जाऊबाई तिला अडवून विचारतात, "अजून थोडं देऊ?"