नजर चुकवणारी बाई

खांदा कॉलनीतली ती चोरी आठवली की आजही माझं डोकं तापतं. नव्वदच्या दशकात मी पनवेलला फौजदार होतो. एका बिऱ्हाडातून मंगळसूत्र गेलं होतं. कपाटाचं कुलूप शाबूत होतं, म्हणजे ते किल्लीनेच उघडलेलं. किल्ली असायची स्वयंपाकघरात, तांदळाच्या डब्यात.

खबर दिली ती फिर्यादी बाईंच्या घरी मुक्कामाला आलेल्या दिराने. "साहेब, पाणी भरायला येते ना, तिला बघा. नजरेला नजर देत नाही." स्वतः मात्र डोळे भिडवून बोलणारा, इस्त्रीचा शर्ट, हस्तांदोलन घट्ट. आमचे हवालदार इतके खूश की त्याला खुर्ची आणि चहा, आणि पाणी भरणाऱ्या त्या आदिवासी बाईला भिंतीशी उकिडवं बसवलेलं. तिचं अंगावर पिणारं पोर वस्तीवर होतं. तिला अटक झाली तर त्याला पाजणार कोण, याची कुणाला फिकीर नव्हती.

"खालीच बघते साहेब, पदर चावते. हीच," हवालदार म्हणाले. शेजारीपाजारी तेच सांगायला ठाण्यात आलेले. पुरावा विचारला की पुन्हा तिची नजरच! मला अगदी वीट आला.

शेवटी मी तिलाच विचारलं, "वर का बघत नाहीस?"

"बायनंच सांगितलंय, हंडा उंबऱ्याशी ठेवायचा. आत बगायचं नाय."

मी फिर्यादी बाईंकडे वळलो. "हो, सांगितलंय की," त्या ठसक्यात म्हणाल्या. "असल्यांना कधी आत पाऊल टाकू दिलेलं नाही मी."

"मग तांदळाचा डबा तिने कधी पाहिला? किल्ली काढताना तुम्हाला पाहिलं कुणी?"

बाईंचा आवाज उतरला. "भावजी होते समोर."

भावजींच्या बॅगेची पंचांसमक्ष झडती घेतली. मंगळसूत्र दाढीच्या डब्यात निघालं. आपली बॅग कुणी उघडेल, हे त्याच्या मनातही आलं नव्हतं.

त्यानंतर "नजर चुकवतो" असं कुणी सांगितलं की मी आधी विचारायचो, त्याला मान खाली घालायला लावलं कुणी?

कॉलनीला मात्र काही उमगलं नाही. ठाण्यातून निघताना फिर्यादी बाई तिला म्हणाल्या, "उद्या पाणी आण हं. आणि जरा माणसाकडे बघून बोलत जा."

"हो बाय," ती जमिनीकडे बघूनच म्हणाली आणि पोराकडे धावली.