नत्थुजी मिस्त्रीचा खटला आणि देवीची प्रभावळ

वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता त्या काळी अकोल्यात कापसातली सरकी काढायचे, जिनिंगचे कारखाने इतके, की बोटांवर मोजणं कठीण. नत्थुजी मिस्त्रीला तर फारच कठीण, कारण त्याची दोन बोटं विजेच्या साणेनं नेली होती.

साण विलायती. जिनच्या सुऱ्यांना धार लावायला शेठनं मुंबईहून मागवलेली. चालता चालता तिचा दगड फुटला, कपची उडाली आणि उजव्या हाताची शेवटची दोन बोटं गेली. बोटांचं दुःख नत्थुजीनं महिन्याभरात आवरलं. पण पानठेल्यावर जिनचा मुनीम खुशालराव म्हणाला, "मिस्त्रीचा हात घसरला बाप्पा, वय झालं," ते काही आवरेना. घसरत्या हाताचा मिस्त्री कोण ठेवतो? शेठही "आराम करा" म्हणू लागला होता.

नत्थुजीनं अमरावतीचे वामनराव वकील गाठले. "मले कोर्टाचा कागद पायजे, हात घसरला नाई म्हणून."

"कागद मिळेल, वर कंपनीकडून भरपाईही काढू," वामनराव म्हणाले, आणि दाव्यात ठोकून दिलं: दगड फुटका, त्यावर झाकण नाही, असं यंत्र विकणाऱ्या कंपनीचाच दोष. झाकण होतं का, हे वकिलांनी विचारलं नाही, नत्थुजीनं सांगितलं नाही. दोघंही इमानदार माणसं.

झाकण होतं. चांगलं पितळेचं, कमानदार. खंडेनवमीला अवजारांची पूजा. झाकणाआडच्या दगडाला कुंकू लावायचं कसं? म्हणून नत्थुजीनं ते काढलं आणि चिंचेनं घासायला घरी नेलं. बायकोनं, पार्बताबाईनं, ते देवघरात देवीमागं उभं केलं. प्रभावळ अशी बसली, जशी विलायतेतल्या साहेबानं देवीचं माप घेऊनच पाठवली.

"आता काढू नका," पार्बताबाई म्हणाली. "देवी नाराज होईन."

"साणेले लागते ते."

"साण काय देवीपेक्षा मोठी हाये?"

दुसऱ्या दिवशी नत्थुजी उघड्या दगडावरच कामाला बसला.

कोर्टात कंपनीच्या वकिलानं छापील चित्र काढलं. चित्रात साण, साणेवर झाकण. वामनरावांनी मधल्या सुट्टीत नत्थुजीला लिंबाखाली नेलं आणि सगळं ऐकून घेतलं.

"अहो, हे आधी सांगायचं."

"तुमी इचारलं काय?"

तेवढ्यात कंपनीचा निरोप आला. आपला दगड फुटल्याचा गवगवा तिलाही नको होता. तीनशे रुपये देतो, हात घसरला एवढं लिहून द्या.

"घ्या," वामनराव म्हणाले.

"तेच तर लिहून द्यायचं नाई मले."

"मग सांगा, बायकोनं तुमच्या नकळत झाकण नेलं."

"वकीलसाहेब, संध्याकाळी घरी जायचं हाये मले."

दुपारी नत्थुजी पिंजऱ्यात उभा राहिला. मुन्सफसाहेबांनी विचारलं, "झाकण कोणी काढलं?"

"म्या काढलं. देवीमागं हाये."

मुन्सफसाहेबांची लेखणी थांबली. "त्यावाचून दगड फुटला तर काय होईल, ठाऊक होतं?"

"तीस वर्सं साणेवर हाये साहेब, ठाऊक कसं नसन? दगड फुटला, कपची लागली. हात जागच्या जागी होता. तेवढं लिहून घ्या."

साहेबांनी लिहून घेतलं. दावा खर्चासकट फेटाळला. वामनराव तोंड पाडून अमरावतीच्या गाडीत बसले, आणि नत्थुजी निकालाची नक्कल घेऊन मुर्तिजापूरच्या एका जिनवाल्याकडे गेला. मालकानं वाचलं: "वादी हा अनुभवी व कुशल कारागीर असून त्याचा हात घसरला नाही." पुढं "सबब झाकण काढण्याचा धोका त्यास ठाऊक होता" या ओळीवर नत्थुजीचा अंगठा ठेवलेला.

मालकानं अंगठा हळूच बाजूला केला, उरलेलं सावकाश वाचलं आणि कागद परत दिला.

"सोमवारपासून या, मिस्त्री," तो म्हणाला. "आणि खंडेनवमीची पूजा आमच्या इथं भटजीच करतात, बरं का."