मशीन घराबाहेर निघत नाही

राजीनामा दिला त्या दिवशी प्राचार्यांनी तो वाचला आणि उलटा करून पेपरवेटखाली ठेवला. "मॅडम, तीन महिन्यांच्या आत मागे घेतलात तर मी हे पाहिलंच नाही," ते म्हणाले. गंगाखेडच्या एका कॉलेजात मी एकोणीस वर्षं क्लार्क होते, त्यातली शेवटची सहा हेडक्लार्क. नोटीस संपेपर्यंत परतीची वाट उघडी होती, आणि मी परत जाणार असं घरातले सगळे धरून चालले होते.

मला शिलाई मशिनी दुरुस्त करायच्या होत्या. कॉलेजच्या शिवणवर्गातल्या सहा मशिनी मीच चालू ठेवायचे, कारण परभणीचा मिस्त्री बोलावल्यावर पंधरा दिवसांनी यायचा. त्यातून हात बसला. शिल्लक रजा टाकली आणि वहीत यादी केली: कोणत्या गावचा बाजार कधी, एसटी किती वाजता, सावली कुठे, पिशवीत कोणती हत्यारं.

सासूबाईंचा विरोध मशिनींना नव्हता, बाजाराला होता. "हापिसातली खुर्ची सोडून बाजारात जमिनीवर बसायलीस. लोकं मला इचारायलेत, सूनबाईला काढून टाकलं का म्हणून."

"तुम्ही काय सांगितलं?"

"म्हणलं, रजेवर हाय. खोटं न्हाई की ते."

राणीसावरगावच्या बाजारात मी सतरंजी टाकून, पाटी लावून बसले. पहिल्या बाजारी दोन माणसं आली. एकाला कुकर दुरुस्त करून हवा होता, दुसऱ्याला पत्ता. पुढच्या बाजारी कुणीच नाही. यादीतल्या पाचही गावांत हेच. वेळ बदलून पाहिली, जागा बदलली, पाटीवरची अक्षरं मोठी केली. दोन महिने गेले. राजीनामा मागे घेत असल्याचा अर्ज लिहून मी पिशवीच्या आतल्या कप्प्यात ठेवला.

राणीसावरगावात माझ्या शेजारी एक मावशी कांदे विकायच्या. बरेच बाजार त्या नुसत्या बघत होत्या. एकदा म्हणाल्या, "बाई, तुमी इकायलात तरी काय?"

"काही नाही. मशीन दुरुस्त करते."

"मंग मशीन कुठंय?"

"लोकांनी आणायची."

त्या हसल्या. "मशीन डोक्यावर घेऊन कोण येईल? अन् गल्लीतून मशीन निघाली की गाव म्हणतंय, ह्यांनी इकायला काढली. माझ्या सुनंला माहेरून आंदण आलेली हाय. वरीस झालं बंद. झाकून ठिवलीय, पर दाराबाहेर न्हाई काढली."

"मग मी घरी येऊ का?"

"लय लवकर सुचलं."

कांदे संपल्यावर त्यांच्याबरोबर गेले. शटलमध्ये दोऱ्याचा गुंता होता, पट्टा सैल होता. पाऊण तास लागला. सुनेनं जुन्या चादरीवर एक सरळ शिलाई मारून पाहिली, मग भिंतीवरून शेजारणीला हाक दिली. शेजारणीच्या मशिनीत सुई उलटी बसवलेली होती. ते दोन मिनिटांचं काम.

वहीतली बाजारांची पानं मी खोडली आणि गल्लीवार नवी यादी सुरू केली. पुढच्या महिन्यात बऱ्याच घरी जाऊन आले. सगळ्याच मशिनी सुरू झाल्या नाहीत. दोन गंजून गेल्या होत्या, तसं सांगितलं. त्यातल्या एका बाईनं मशीन पुन्हा झाकून ठेवली.

नोटिशीच्या शेवटच्या दिवशी वहीत पाच कामं होती. पहिली तीन राणीसावरगावची घरं. चौथं, कॉलेजात अर्ज देणे. पाचवं, सुया आणणे. तिसरं घर बारा वाजताच आटोपलं, एसटीही वेळेवर मिळाली. कॉलेजच्या फाटकाशी पोचले तेव्हा ऑफिस बंद व्हायला चार तास होते. तिथेच उभ्यानं वही काढली आणि चौथ्या कामावर रेघ मारली. न करता रेघ मारलेलं माझ्या वह्यांमधलं ते एकच काम आहे. मग सुया आणायला गेले. चौदा नंबरच्या नव्हत्या, सोळाच्या घेतल्या.

घरी सासूबाई गवार मोडत बसल्या होत्या. "रजा सरली का?"

"सरली."

"मंग आता लोकाला काय सांगू?"

"घरोघर जाऊन मशिनी दुरुस्त करते म्हणा."

त्यांनी आणखी दोन-चार शेंगा मोडल्या. "बाजारात बसणं तर गेलं," त्या म्हणाल्या.